न निसवलेला गहू

यंदा होळीच्या आधीच गहू काढायची पंजाबातली यंत्रं आली. जालन्यात मस्तगडातल्या आमच्या घरी ही बातमी फोनवरून येते. पुतण्या विलास दरवर्षी कळवतो, "काकू, उद्या आपला नंबर हाय, या." मग मी पिंपळगाव रेणुकाईची एसटी धरते. तिथून आमचं गाव जवळच. आता बसचे धक्के सोसत नाहीत, डॉक्टरही नको म्हणतात, आणि मी दरवर्षी जाते. बांधावर लिंबाखाली खुर्ची टाकून बसते आणि ते अवाढव्य धूड आमच्या गव्हात शिरताना बघते. चालवणारा सरदारजी वरून हात हलवतो. एक फेरी इकडून, एक तिकडून, आणि माझा चहा संपेपर्यंत निम्मं रान मोकळं झालेलं असतं.

हे लोक गहू पिकत जाईल तसे वर सरकत जातात. आमच्याकडून मध्य प्रदेशात, तिथून पुढं थेट आपल्या घरी. विलासचं लक्ष मात्र यंत्राकडे कमी आणि मोबाइलकडे जास्त. कुठं दूर दोन देशांचं जुंपलेलं असतं, बंदरात गव्हाची जहाजं अडकलेली असतात, आणि जालन्याच्या मोंढ्यात भाव हलतो. "कुठलं बंदर अन् कुठलं जालना, काकू," असं तो नवलानं म्हणतो. मला काही नवल वाटत नाही. आमच्या या रानाची आणि साता समुद्रापलीकडच्या गव्हाची ओळख जुनी आहे. ती आम्ही एकदा तिफणीनं पेरून करून घेतली होती, आणि चांगली अद्दल घडवून घेतली होती.

तशी आम्ही ज्वारीची माणसं. माझं माहेर तीर्थपुरीचं. तिथं पोळपाट-लाटणं सणाला निघायचं, पाव्हणा आला तर निघायचं, एरवी काटवट आणि भाकरी. लग्न होऊन मी इकडं आले आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पुढं कितीतरी वर्षं माझी ओळख "दुष्काळाच्या आदल्या सालची सून" अशी करून द्यायच्या. जणू मीच तो माहेराहून आंदणात आणला होता.

त्या सालात रेशनच्या दुकानात परदेशातून आलेलं धान्य मिळू लागलं. तांबडी ज्वारी यायची, तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी ना रंगाची ना चवीची. आणि यायचा लाल गहू, बारीक आणि टणक. गावातल्या बायकांनी आयुष्यात लाटल्या नसतील इतक्या पोळ्या त्या सालात लाटल्या, आणि कुरकुर करीत लाटल्या. आत्याबाई म्हणायच्या, "दुपारपस्तोर चामडं होऊन राह्यली ही पोळी. वहाणा शिवा हिच्या." म्हणायच्या आणि खायच्या. आम्ही सगळेच खायचो. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाताना फडक्यात तीच असायची. दुकानापुढच्या रांगेत सगळं गाव उभं असे, पाटलांच्या घरचे आणि आमच्या बौद्धवस्तीतले एकामागं एक. रांग एक होती. खडीच्या कामावर पाण्याचे माठ मात्र दोन होते.

त्या गव्हानं आम्हाला जगवलं, हे नाकारणारी मी कोण? कुठल्यातरी मैदानात कुठल्यातरी शेतकऱ्यानं तो पिकवला. त्याला जालना कोणत्या दिशेला आहे हेही ठाऊक नसेल. आगगाडी, जहाज, मुंबईचं बंदर, पुन्हा आगगाडी, ट्रक, बैलगाडी, असं करत तो माझ्या परातीत आला. त्याचे उपकार आहेतच. पण रांगेत हात पुढं करून घेतलेला घास गळ्यात जरा अडखळतो, हेही तितकंच खरं. आमच्या घरात तो सगळ्यांत जास्त अडखळायचा माझ्या सासऱ्यांच्या गळ्यात.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांचं नाव लक्ष्मण. त्यांचे वडील सुगीत लोकांच्या खळ्याच्या कडेला उभे राहायचे. धान्य उचलून झालं की खाली उरलेलं, मातीत मिसळलेलं त्यांच्या पदरात पडायचं. मामा लहानपणी वडिलांच्या सोबत असायचे. छप्पन साली धम्म घेतला आणि वस्तीनं ते मागणं बंद केलं. मामा जालन्याला जिनिंगमध्ये हमाली करू लागले, पै पै जमवून त्यांनी साहेबराव पाटलांच्या चुलत्याकडून रान घेतलं, विहिरीतल्या निम्म्या हिश्श्यासकट. त्यामुळं आमच्या आणि साहेबरावांच्या रानात बांध एक आणि विहीरही एक. दोघं पाळीनं पाणी द्यायचे. माणूस म्हणून साहेबराव वाईट नव्हते. बैल द्यायचे, वेळेला धावून यायचे. पण भर उन्हातसुद्धा आमच्या घागरीतलं पाणी त्यांनी कधी मागितलं नाही. विहीर सामायिक चालायची, घागर चालायची नाही.

त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला, खाण्यापुरती ज्वारी पिकली. विहिरीला पाणी आलं, आणि मामांच्या डोक्यात गहू आला. वस्तीत जयंती म्हटलं की एकच, एप्रिलातली. दसऱ्याच्या सुमाराला वस्तीची बैठक बसली होती, तिथं मामा उठून म्हणाले, "यंदा जयंतीला माझ्या रानच्या गव्हाच्या पोळ्या. अन् जेवण नुसतं वस्तीला न्हाई, सगळ्या गावाला." गाव आमच्या दारात जेवायला कधी आलं नव्हतं. कुणीतरी हळूच म्हणालं, "गाव येईल का, लक्ष्मणराव?" मामा म्हणाले, "पिकवणं माझं काम. येणं त्यांचं काम."

पिकवायचं तर बी हवं. दुष्काळात लोकांनी घरचं बी कणग्या झाडून खाल्लं होतं. तालुक्याला बुटक्या मेक्सिकन गव्हाचं बियाणं आलं होतं, ते साहेबरावांना मिळालं. मामा दोनदा भोकरदनला जाऊन हात हलवत परत आले. तिसऱ्यांदा गेलेच नाहीत. घरात रेशनच्या लाल गव्हाचं पोतं होतं, त्याच्याकडं बघून म्हणाले, "हाच पेरू."

आज हे ऐकून विलास कपाळाला हात लावतो. पण तेव्हा आमच्या घरात कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. ज्वारीच्या मुलखात बी आणि खायचा दाणा यांत भेद कुठं होता? सुगीला चांगली टपोरी कणसं बाजूला काढायची, ती बी. उरलेलं पोटात. "जे खाल्लं तेच पेरलं, बापजाद्यांपासून," मामा म्हणाले. माझे मालक शिक्षक होते, दुसऱ्या तालुक्यात नोकरीला असायचे. तेही म्हणाले, "बराबर आहे. गहू तो गहू." मी मॅट्रिक झालेली, घरातली शिकलेली सून, मीही मान डोलावली. आत्याबाई आणि मी सुपं घेऊन बसलो आणि त्या पोत्यातला दाणा न् दाणा निवडला. फुटके आम्ही खाल्ले, टपोरे रानात गेले.

आणि उगवला की तो! असा उगवला की काय सांगू. महिन्याभरात रान झाकलं. एकेका रोपाला फुटव्यावर फुटवा, खालची माती दिसेना. शेजारी साहेबरावांचा गहू विरळ आणि बुटका, आमचा दाट, काळसर हिरवा. पिंपळगावच्या बाजाराला जाणारे लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. "लक्ष्मणा, काय घातलंस रे रानात?" साहेबरावांनी स्वतः विचारलं. मामा म्हणाले, "पाणी तुमच्याच विहिरीचं हाय, पाटील." त्या दिवसांत मामा चालायचेसुद्धा वेगळे. आत्याबाईंना दृष्टीची भीती. त्यांनी काळं मडकं काठीवर लावायचं म्हटलं तर मामा कडाडले, "आपण असलं बिलकुल मानत न्हाई आता." दुसऱ्या दिवशी मडकं रानात होतं. कुणी लावलं हे कुणी विचारलं नाही, आणि कुणी काढलंही नाही.

संक्रांत झाली आणि साहेबरावांचा गहू निसवला, म्हणजे पोटरीतून ओंब्या बाहेर पडल्या. आमचा गहू मात्र हिरवाच. मामा म्हणाले, दाट आहे, वेळ लागेल. पुढच्या आठवड्यात साहेबरावांच्या ओंब्यांवर कुसळं चमकू लागली, आमचा हिरवाच. मग सल्ल्यांचा पाऊस पडला. एक म्हणे पाणी जास्त झालं, तोडा. मामांनी पाळी सोडून दिली. दुसरा म्हणे पाणी कमी पडलं. मामांनी पुढची पाळी भरभरून दिली. तिसरा म्हणे शेणखताचा माज आहे. मामा रोज सकाळी रानात जायचे, एखादं ताट उपटायचे आणि बोटांनी चाचपत बसायचे. मी न्याहारी घेऊन जायची. फडकं सोडलेलं तसंच राहायचं. घरात आम्ही दोघी बोलायचो ते भाजीबद्दल, म्हशीबद्दल, हवेबद्दल. गव्हाचं नाव कुणी काढायचं नाही.

शेवटी शेतकी खात्याचा माणूस आला. सायकल बांधाला टेकवून तो रानात शिरला, एक ताट नखानं उभं चिरलं आणि म्हणाला, "यात पोटरीच नाही. बी कुठलं?"

"रेशनचं," मामा म्हणाले.

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं समजावून सांगितलं. हा गहू बर्फाच्या मुलखातला. तिकडं थंडीच्या आधी पेरतात, रोपं बर्फाखाली दोन-तीन महिने निजून राहतात, आणि तेवढी थंडी अंगात मुरली तरच पुढं ओंबी धरतात. ती मिळाली नाही तर नुसती पानं काढत बसतात. इकडं तो जन्मात निसवणार नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे खायला चालतो, पेरायला न्हाई?"

"खायलाच पाठवलाय तो," शेतकीवाला म्हणाला.

मामा बांधावर बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "तसं पोत्यावर लिहायचं होतं."

पुढं मी मास्तरीण झाले आणि चौथी-पाचवीला भूगोल शिकवू लागले. भिंतीवर जगाचा नकाशा टांगायचा आणि छडीनं दाखवायचं, ही अमेरिका, हा कॅनडा, ही रशियाची मैदानं, ही जगाची गव्हाची कोठारं. मुलं घोकायची. मला त्या पिवळ्या रंगवलेल्या पट्ट्यांवर दर वेळी बर्फ दिसायचा, आणि त्याखाली निजलेली रोपं. जगाला गहू पुरतो तो असा. इथला तिथं जातो, तिथला इथं येतो, आणि कुठंतरी युद्ध नाहीतर दुष्काळ पडला की भलत्याच गावाच्या चुली हलतात. हे पुस्तकात होतं. पण दुसऱ्याच्या घरून आलेला दाणा माणसाला जगवतो आणि तरी त्याच्या मातीत धरत नाही, हे पुस्तकात नव्हतं. पोट भरण्याची सोय जगानं केली, ती चांगलीच केली. मामांना मात्र पंगतीत वाढणारा व्हायचं होतं, आणि ती सोय कुठलंही जहाज आणून देत नाही.

फाल्गुनात साहेबरावांची खळी झाली. आमचं रान हिरवंच. दुष्काळानं गावाची जनावरं निम्मी नेली होती, उरलेली हाडांवर आली होती, आणि हिरवा चारा दिसायला नव्हता. एका सकाळी साहेबराव बांधावर येऊन उभे राहिले. घुटमळले. मग म्हणाले, "लक्ष्मणा, म्हैस व्यायलीय. तुझ्या रानातलं दोन पेंढ्या..."

मामांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "न्या," म्हणाले. "रोज न्या."

मग ज्याला लागेल तो न्यायला लागला. कापावं तसं ते पुन्हा फुटत होतं. मामांनी कुणाकडून काही घेतलं नाही. लोक भारा डोक्यावर घ्यायचे आणि वर टोमणाही मारायचे. पारावर एकानं विचारलंच, "लक्ष्मणा, मंग जयंतीला काय वाढतू? गवत?" सगळे हसले. मामाही हसले, पण घरी आल्यावर जेवले नाहीत. मला तेव्हा त्या लोकांचा इतका संताप आला होता की त्यांच्या म्हशी आटाव्यात असं मी मनात म्हटलं. आजही ते मागं घेत नाही.

जयंती उद्यावर आली. गव्हाचं पीठ घरात मूठभर नव्हतं. रेशनचा गहू आणून पोळ्या कराव्यात असं आत्याबाईंनी सुचवलं, तर मामांनी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. दुपारी साहेबरावांची बैलगाडी विहिरीपाशी थांबली. गाडीत नव्या गव्हाचं पोतं. मामा रानाला पाणी देत होते, आम्ही दोघी तिथं धुणं धूत होतो.

"म्हशींनी तुझं हिरवं खाल्लं," साहेबराव म्हणाले. "हे घे. जयंतीला होईल."

मामा म्हणाले, "पाटील, गवत म्या विकलं न्हाई. त्याचा मोबदला असंल तर गाडी वळवा."

"बरं, मोबदला न्हाई. माझ्याकडून म्हण."

"खळ्यावरून माझ्या बापाला मिळायचं, ते बी लोक ‘आमच्याकडून’ म्हणूनच द्यायचे." मामांचा आवाज चढला नव्हता. "उद्या पंगतीला बसणार असाल तर ठेवा. जेवणाऱ्याच्या घरचं धान्य घ्यायला मला काय लाज? न्हाई बसणार, तर पोतं बी नको."

साहेबराव कासरा हातात धरून उभे राहिले. त्यांनी विहिरीकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं. मग गाडी वळवली आणि पोतं जसं आलं तसं गेलं.

आत्याबाईंनी पिळलेलं लुगडं दगडावर आपटलं. "झालं तुमचं? आता उद्या काय वाढता, ताठा?"

"भाकरी," मामा म्हणाले. "घरच्या ज्वारीची. ती तर निसवलीय ना?"

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून वस्तीतल्या सगळ्या बायका आमच्या अंगणात. भाकरी, वरण, वांग्याची भाजी. पोळ्यांचा गाजावाजा करून भाकरी थापतोय, याचं मला फार वाईट वाटत होतं. आत्याबाईंना अजिबात वाटत नव्हतं. "पीठ मळ जल्दी," त्या म्हणाल्या, "रडायचं ते नंतर रड." मिरवणूक झाली, वंदना झाली, पंगत बसली. वस्तीच बसली. गावातला एकही माणूस आला नव्हता. मामा दारात उभे राहून प्रत्येकाला बसा बसा म्हणत होते आणि वाटेकडं अजिबात बघत नव्हते.

पहिली पंगत अर्ध्यावर होती तेव्हा साहेबराव आले. गाडी नव्हती. पोतं स्वतःच्या खांद्यावर, आणि आले ते गावाच्या मधल्या वाटेनं, पाराजवळून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. त्यांच्या घरातलं दुसरं कुणी सोबत नव्हतं. पोतं त्यांनी ओसरीवर टाकलं. दळायला आता वेळच नव्हता. तिथंच ते पडून राहिलं.

"कुठं बसू?" त्यांनी विचारलं.

मामांनी जागा दाखवली. साहेबराव मांडी घालून बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंची माणसं जेवायची थांबली. मी भाकरी वाढली, वरण वाढलं. वरणाचा थेंब त्यांच्या धोतरावर सांडला. आत्याबाईंनी तांब्यातलं पाणी त्यांच्यापुढं ठेवलं, आमच्या घागरीतलं. ते आधी ते पाणी प्याले, सगळं. मग भाकरी मोडली, वरणात बुडवली, तोंडात घातली. सगळं अंगण त्यांच्या तोंडाकडं बघत होतं.

मला वाटलं, आता म्हणतील, छान झालंय. पाव्हणा असंच म्हणतो. उपकार करायला आलेला माणूसही असंच म्हणतो.

साहेबरावांनी घास गिळला, मामांकडं बघितलं आणि आपल्या घरात म्हणावं तसं वैतागून म्हणाले, "लक्ष्मणा, वरणात मीठ न्हाई रे."

मामा त्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसले. म्हणाले, "सूनबाई, पाटलाला मीठ वाढ."